एफआयएला खुले पत्र: आम्हाला पावसातली शर्यत हवी आहे

प्रति,
आंतरराष्ट्रीय ऑटोमोबाइल महासंघ (एफआयए) आणि फॉर्म्युला वनचे नियम व वेळापत्रक ठरवणारे सर्व संबंधित

सविनय नमस्कार.

मी चिपळूणची. आमच्याकडे पाऊस मृगात येतो आणि दसऱ्यापर्यंत पाठ सोडत नाही. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तसं ते आमच्या घरातही शिरलं. पाणी ओसरल्यावरही पाच-सहा आठवडे भिंतींना गाळाचा वास येत होता. त्याच घरात 29 ऑगस्टच्या संध्याकाळी ओट्यावर मोबाइल टेकवून मी बेल्जियन ग्रां प्री, म्हणजे फॉर्म्युला वनची बेल्जियममधली शर्यत, लावली होती. हे मुद्दाम आधी सांगते. पुढे मी तुमच्याकडे पावसातली शर्यत मागणार आहे, आणि पाऊस काय करू शकतो हे न पाहिलेल्या माणसाची ही हौस आहे असं तुम्हाला वाटू नये.

त्या रविवारी बेल्जियमच्या स्पा-फ्रँकोरशाँ ट्रॅकवर काय झालं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. आदल्या दिवशी ओल्या ट्रॅकवर जॉर्ज रसेलनं विल्यम्ससारख्या मागे पडलेल्या संघाची गाडी पात्रता फेरीत, म्हणजे सुरुवातीचा क्रम ठरवणाऱ्या फेरीत, दुसऱ्या क्रमांकावर आणली होती. रविवारी काय काय पाहायला मिळेल या विचारानं मी रात्री नीट झोपले नव्हते. आमच्या घड्याळात साडेसहाला सुरू व्हायची शर्यत. गाड्या खऱ्या अर्थानं बाहेर आल्या पावणेदहाच्या सुमाराला. सगळ्यांना रांगेत हळू नेणाऱ्या सेफ्टी कारच्या मागे मोजक्या फेऱ्या, पुन्हा शर्यत थांबवणारा लाल झेंडा, आणि निकाल जाहीर. एकही गाडी दुसरीला ओलांडून पुढे गेली नाही, तरी अर्धे गुण वाटले गेले. स्पाभोवतीच्या आर्देन टेकड्यांच्या उतारांवर रेनकोट घालून सकाळपासून चिखलात उभी असलेली माणसं कॅमेरा फिरला की हात हलवत होती. मला त्यांच्याबद्दल फार वाईट वाटलं.

पुढच्या हंगामात तुम्ही नियम बदललात. सेफ्टी कारशिवाय किमान दोन फेऱ्या झाल्या नाहीत तर गुण नाहीत. चांगलं केलंत. पण तो नियम निकालाचा झाला. पावसात शर्यत व्हावी कशी, हा प्रश्न होता तिथेच आहे.

माझे बाबा एस.टी.त चालक होते. चिपळूण-कराड, कुंभार्ली घाट, ऐन पावसाळ्यात, वर्षानुवर्षं. मला गाडी त्यांनीच शिकवली आणि शिकवायला मुद्दाम जुलै निवडला. पहिल्याच दिवशी हायवेला माझ्यापुढे एक टँकर आला. समोरची काच पांढरी झाली, मी वायपर शेवटच्या वेगावर टाकला, तरी काही दिसेना. बाबा शेजारून म्हणाले, "वायपरनं काही होणार नाही. हे पाणी वरून येत नाहीये, त्याच्या चाकांतून येतंय. मागे राहा, नाहीतर बाजूला हो." तुमच्या पावसाळी शर्यतींचा सगळा पेच या तीन वाक्यांत आहे, असं मला आजही वाटतं.

टँकरच्या चाकांवर निदान मडगार्ड असतं. तुमच्या गाड्यांची चाकं उघडी. आणि ती उघडी आहेत म्हणूनच मी हा खेळ पाहते. बंद चाकांच्या शर्यतीत गाड्या एकमेकींना घासून, ढकलून पुढे जातात, थोडा पत्रा चेमटतो, शर्यत चालू राहते. इथे तसं नाही. पुढे धावणाऱ्या चाकाचा मागचा भाग वर येत असतो आणि त्याच्यामागून येणाऱ्या चाकाचा पुढचा भाग खाली जात असतो. दोन्ही टायर एकमेकांना टेकले की मागची गाडी पुढच्या चाकावर चढते आणि हवेत फेकली जाते. 2010 मध्ये व्हॅलेन्सियाला मार्क वेबरची गाडी कोव्हालायनेनच्या मागच्या चाकाला लागून अशीच उडाली, पालथी झाली आणि तरीही तो त्यातून चालत बाहेर आला. म्हणून दोन ड्रायव्हर एका वळणात शेजारी शेजारी शिरतात आणि दोघांच्या चाकांमध्ये जेमतेम वीतभर जागा राहते, तेव्हा माझा श्वास अडकतो. दोघंही एकमेकांवर विश्वास टाकून तिथे शिरलेले असतात.

शिवाय उघड्या चाकामुळे सगळं दिसतं. ड्रायव्हरला स्वतःचे पुढचे दोन टायर डोळ्यांसमोर दिसतात. रबर सोलतंय का, खाचांतून पाणी फेकलं जातंय की खाचा कोरड्या पडत चालल्यात, हे तो सरळ बघू शकतो. डोक्यावरच्या कॅमेऱ्यामुळे आम्हालाही तेच दिसतं. हिरव्या पट्टीचा टायर इंटरमीडिएट, म्हणजे कमी पाण्यासाठीचा, निळ्या पट्टीचा पूर्ण पावसाचा. वळणात पुढचं चाक आत वळलेलं असतं आणि गाडी मात्र सरळच जायचं म्हणत असते, तो अर्धा सेकंद आम्ही घरी बसून पाहतो. पावसात त्याचे हात बघावेत. कोरड्यात सरळ रस्त्यावर स्टिअरिंग स्थिर असतं. ओल्यात तेच हात सरळ रस्त्यावरही सारखे बारीक बारीक हलत असतात.

आणखी एक गोष्ट मला समजायला बरीच वर्षं लागली. कोरड्या ट्रॅकवर ज्या रेषेवरून सगळ्या गाड्या जातात तिथे रबर बसतं आणि तीच रेषा सर्वात जास्त पकड देते. पाऊस पडला की तेच रबर गुळगुळीत होतं, शेवाळ धरलेल्या पायरीसारखं. मग चांगला ड्रायव्हर ती रेषा सोडतो. वळणाच्या बाहेरच्या बाजूनं, जिथे एरवी कोणी फिरकत नाही अशा खरबरीत डांबरावरून गाडी नेतो. 2016 मध्ये ब्राझीलला मॅक्स फेर्स्टापेननं असंच केलं. शेवटच्या पंधराएक फेऱ्यांत तो मागून तिसऱ्या क्रमांकापर्यंत आला आणि त्याची गाडी दर वळणात इतरांपेक्षा वेगळ्याच जागी दिसत होती. कार्टिंगमध्ये, म्हणजे छोट्या गाड्यांच्या शर्यतींत, लहानपणी शिकलेली गोष्ट, ती त्यानं तिथे वापरली. हे पाहायला मिळतं फक्त पावसात. कोरड्यात गाडीचं इंजिन, पंख, संघाचा पैसा, सगळं त्याच्या आधी बोलतं.

इंग्लंडमधल्या डोनिंग्टनची 1993 ची शर्यत मी पुढे कित्येक वर्षांनी पाहिली. आयर्टन सेना हा ब्राझीलचा ड्रायव्हर सुरुवातीला पाचव्या क्रमांकावर घसरला आणि पहिलीच फेरी संपायच्या आत शूमाकर, वेंडलिंगर, हिल आणि प्रॉस्ट या चौघांना मागे टाकून पुढे होता. ती एक फेरी मी किती वेळा पाहिली असेल याची गणतीच नाही. तेव्हा त्याच्याकडे सर्वात ताकदवान गाडी नव्हती. प्रॉस्ट आणि हिलच्या विल्यम्स तिच्यापेक्षा वेगवान होत्या, हे सगळ्यांना माहीत होतं.

पण माझी स्वतःची शर्यत म्हणजे कॅनडाची, 12 जून 2011. आमच्याकडे रात्री साडेदहाला सुरू झाली. इकडेही पाऊस, तिकडेही पाऊस. पंचविसाव्या फेरीनंतर लाल झेंडा दाखवला आणि दोन तासांच्या वर काहीच नाही. मधेच आमची लाईट गेली. मी मेणबत्ती लावून जागी राहिले. लाईट आली तेव्हा गाड्या पुन्हा धावत होत्या आणि जेन्सन बटन, ज्याची स्वतःच्याच संघातल्या हॅमिल्टनशी धडक झाली होती, ज्याला दंड झाला होता, ज्यानं पिटला, म्हणजे ट्रॅकशेजारी टायर बदलायच्या जागेला, सहा वेळा जाऊन येऊन शेवटचा क्रमांकही पाहिला होता, तो एकेकाला गाठत वर येत होता. बाबांना पहाटेची ड्युटी होती. ते पाणी प्यायला उठले आणि तिथेच उभे राहिले. शेवटची फेरी. व्हेट्टेल पुढे, बटन मागे. ट्रॅकवर कोरडी अशी एकच चिंचोळी पट्टी उरली होती. व्हेट्टेल त्या पट्टीवरून जरासा बाहेर गेला, मागची चाकं ओल्यात सरकली, गाडी आडवी झाली आणि बटन आतून निघून गेला. बाबा म्हणाले, "ओल्यात टेकलं त्याचं मागचं." त्यांनी त्याआधी आयुष्यात एकही ग्रां प्री पाहिली नव्हती. शर्यत संपली तेव्हा अडीच वाजून गेले होते. चार तास, चार मिनिटं आणि एकोणचाळीस सेकंद, तुमच्या इतिहासातली सर्वात लांब.

त्या शर्यतीनंतर तुम्ही एकूण वेळेवर आधी चार तासांची आणि पुढे 2021 मध्ये तीन तासांची मर्यादा घातलीत. अधिकाऱ्यांना, मार्शलना, प्रक्षेपणाला शेवट माहीत असायला हवा, हे मला पटतं. तरी त्या रात्री तीन तासांची मर्यादा असती तर बटनची ती शेवटची फेरी झालीच नसती, हेही तितकंच खरं.

आता भीतीबद्दल. ती बाजूला ठेवून मला काही मागायचं नाही.

5 ऑक्टोबर 2014 रोजी जपानमधल्या सुझुकाच्या पावसात जूल बियांकीची गाडी घसरून दुसरी गाडी उचलायला आलेल्या ट्रॅक्टरवर आदळली. नऊ महिन्यांनी, 17 जुलै 2015 रोजी तो गेला. 2022 मध्ये त्याच सुझुकाला, तशाच पावसात, पिएर गॅस्लीच्या पुढ्यात पाण्याच्या पडद्यातून अचानक तसंच वाहन उगवलं. त्या दिवशी मी टीव्ही बंद केला आणि बराच वेळ सुन्न बसून राहिले. 1 जुलै 2023 रोजी स्पाला खालच्या गटाच्या शर्यतीत डिलानो फान्ट होफ हा अठरा वर्षांचा मुलगा पाण्याच्या फवाऱ्यात मागून येणाऱ्यांना दिसला नाही आणि गेला. तिथेही उघडीच चाकं होती. पावसात मागच्या ड्रायव्हरला पुढच्या गाडीचा लुकलुकणारा लाल दिवा दिसतो, कधी तोही नाही. मी वर म्हटलं तो वीतभर जागेचा विश्वास डोळ्यांवर उभा असतो. डोळेच गेले की तो विश्वास ठेवा असं कोणत्याही ड्रायव्हरला सांगायचा हक्क तुम्हाला नाही आणि मलाही नाही.

म्हणून जुलै 2025 मध्ये स्पाला तुम्ही शर्यत एक तास वीस मिनिटं लांबवलीत, तेव्हा मी चिडले नाही. तीनच आठवडे आधी इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनला इसाक हजार या ड्रायव्हरला पाण्याच्या धुरात पुढचा आंतोनेल्ली दिसला नाही आणि तो मागून जाऊन त्याला धडकला होता. ड्रायव्हरांनी तुम्हाला त्यानंतर बजावलं होतं आणि तुम्ही ऐकलंत. पण पुढे काय झालं बघा. सेफ्टी कारमागे फेऱ्या, मग चालत्या गाड्यांची सुरुवात, आणि बाराव्या फेरीच्या आसपास सगळे कोरड्या टायरवर. पावसाची शर्यत अशी झालीच नाही. ट्रॅक वाळेपर्यंत थांबायचं आणि मग कोरडी शर्यत लावायची, हे आता जवळजवळ ठरूनच गेलंय.

याचं मूळ टायरमध्ये आहे आणि हे तुमचे ड्रायव्हर अनेक वर्षं सांगत आले आहेत. टायर बनवणाऱ्या पिरेलीच्या आकड्यांनुसार ताशी 300 किलोमीटरला निळ्या पट्टीचा टायर सेकंदाला 85 लिटर पाणी बाजूला फेकतो, हिरव्या पट्टीचा 30 लिटर. 85 लिटर म्हणजे आमच्याकडे एका माणसाला आंघोळीला लागणाऱ्या चार-पाच बादल्या, प्रत्येक सेकंदाला, एका चाकातून. ते पाणी जातं कुठे? मागच्याच्या तोंडावर. म्हणजे ज्या पावसासाठी निळा टायर बनवलाय, त्या पावसात तो स्वतःच इतकं पाणी उडवतो की मागच्याला दिसत नाही म्हणून शर्यत थांबवावी लागते. आणि दिसण्याइतका पाऊस ओसरला की निळा टायर इतका संथ पडतो की सगळे लगेच हिरव्यावर जातात. मग तो टायर वापरायचा कधी? सेफ्टी कारच्या मागे फिरायला. एवढं इंजिनिअरिंग, आणि त्याचा उपयोग मिरवणुकीपुरता.

तुम्ही चाकं झाकून पाहिलीत, हे मला माहीत आहे. 2023 च्या जुलैत सिल्व्हरस्टोनला आणि 2024 मध्ये फेरारीच्या फिओरानो ट्रॅकवर. हेतू चांगला होता. पण पाणी नुसत्या चाकांतून उडत नाही. गाडीच्या पोटाखालून वेगानं जाणारी हवा रस्त्यावरचं पाणी खेचते आणि मागच्या बाजूनं, पंखाच्याही वर, उंच फेकते. चाकांवर छप्पर टाकून ते कसं थांबणार? त्या चाचण्यांत जे हाती लागलं ते आकड्यांसह प्रसिद्ध करा आणि काम पुढे न्या. चाचणी फसली म्हणजे प्रश्न संपला, असं धरून चालू नका.

आणि माझी मुख्य मागणी ही आहे: पावसाच्या टायरला खरा सराव द्या. त्याची चाचणी बहुतेक वेळा एखाद-दुसरी गाडी एकटीच फिरवून होते. एकटी गाडी कोणाच्या फवाऱ्यात सापडत नाही. फ्रान्समधल्या पॉल रिकारला ट्रॅकवर पाणी सोडायची सोय आहे, फिओरानोला आहे. वर्षातून दोन दिवस तरी पाच-सहा संघांच्या गाड्या एकत्र, ओल्या ट्रॅकवर, एकीमागे एक चालवा. हिरव्या आणि निळ्या टायरमधला वेगाचा फरक कमी करा, म्हणजे निळ्यावर राहणं ड्रायव्हरला परवडेल. कमी पाणी उडवणारा आणि थोडी कमी पकड देणारा टायर मिळाला तरी चालेल. पकड कमी म्हणून कोणी तक्रार केली तर करू दे. घसरणारी गाडी सांभाळणं हे ड्रायव्हरचं कामच आहे आणि ते पाहायलाच आम्ही येतो. न दिसणाऱ्या गाडीपासून वाचणं हे मात्र कोणाच्या हातात नाही. या दोन धोक्यांना एकाच तराजूत तोलू नका.

2026 च्या नियमांत गाड्या आखूड आणि अरुंद झाल्या, 30 किलोंच्या आसपास हलक्या झाल्या, टायरही अरुंद केलेत. त्याचा फवाऱ्यावर काय परिणाम होतो ते मोजा आणि आम्हाला सांगा.

वेळेबद्दल तुम्ही मनावर घेतलंत तर किती होऊ शकतं, हे आम्ही पाहिलंय. 3 नोव्हेंबर 2024, ब्राझीलमधलं साओ पावलो. शनिवारी पावसानं पात्रता फेरी होऊ शकली नाही, तुम्ही ती रविवारी सकाळी घेतलीत आणि दुपारी आणखी पाऊस येणार म्हणून शर्यत दीड तास अलीकडे ओढलीत. आमच्याकडे त्या दिवशी भाऊबीज होती. कराडहून भाऊ आला होता, ओवाळणं झालं, जेवणं झाली आणि नऊ वाजता आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो. शर्यत दीड तास अलीकडे आली म्हणून माझ्या आईनंही ती पूर्ण पाहिली. फेर्स्टापेन सतराव्या क्रमांकावरून सुटून जिंकला. त्याच्यामागे एस्तेबान ओकों आणि पिएर गॅस्ली, दोघंही अल्पीनचे, ज्यांच्या गाडीला त्या हंगामात कोणी विचारत नव्हतं. लहानपणी कार्टिंगमध्ये एकमेकांविरुद्ध वाढलेली ही दोन मुलं त्या दिवशी एकाच पोडियमवर उभी होती. मध्ये अपघात झाले, लाल झेंडा आला, थांबावं लागलं. तरी ती शर्यत झाली, पूर्ण झाली, कारण कोणीतरी आदल्या दिवशी आभाळाकडे बघून वेळापत्रक हलवलं होतं. 2019 मध्ये हागिबिस वादळामुळे सुझुकाची पात्रता फेरीही तुम्ही रविवारी नेली होती. मग हे दरवेळी का नाही? स्पा, सिल्व्हरस्टोन, सुझुका, साओ पावलो, जिथे जिथे पावसाचा भरवसा आहे तिथे सकाळची पर्यायी वेळ हंगामाच्या आधीच जाहीर करून ठेवा. जगभरचं प्रक्षेपण जुळवणं अवघड असेल, पण साओ पावलोला जुळलंच की.

आणि थांबावं लागलं तर बोला. स्पा 2021 ला आम्ही तीन तास फक्त पाऊस आणि झेंडे पाहत होतो. सेफ्टी कारच्या चालकाला नेमकं काय दिसतंय, कुठल्या वळणात पाणी साचलंय, पुढचा निर्णय किती वाजता होणार, हे दर पंधरा मिनिटांनी पडद्यावर आणि ट्रॅकवरच्या भोंग्यांवर सांगायला काय हरकत आहे? आमच्या एस.टी. स्टँडवरसुद्धा घाटात दरड आली की गाडी का थांबली आणि कधी सुटेल हे माईकवरून सांगतात. तिकीट काढून चिखलात उभ्या असलेल्या माणसाला तेवढं कळायला हवं.

बाबा आता निवृत्त झाले. घाट त्यांनी सोडला, पण रविवारी मी टीव्ही लावला की ते आधी तिथल्या आभाळाकडे बघतात. ढग दिसले की खुर्ची पुढे ओढतात. गेल्या काही वर्षांत त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "आज सोडणार का रे यांना?" मी दरवेळी सांगते, बघू. निळ्या टायरच्या चाचण्या कधी आणि कुठे घेणार, आणि पर्यायी वेळा जाहीर करणार की नाही, एवढं लेखी कळवलंत तर पुढच्या बेल्जियन ग्रां प्रीला मला त्यांना नीट उत्तर देता येईल.

आपली,
चिपळूणची एक प्रेक्षक